मिटलेल्या ओठांसमोर

थंडी पडून कारखान्याचं गाळप सुरू झालं की देवळाली प्रवऱ्याच्या आसपासच्या वस्त्यांवर एक वास उतरतो. गोडसर, जड आणि कडेला किंचित करपलेला. त्यात उसाचा रस असतो, मळी असते, पेटवलेल्या पाचटाचा धूर असतो, आणि सकाळच्या दवाने तो सगळा जमिनीलगत दाबून धरलेला असतो. दर रविवारी मी नगरहून मोटारसायकलवर निघतो, राहुरी मागे पडते आणि एका ठराविक वळणावर हा वास छातीवर येऊन बसतो. मला तो फार आवडतो. धाकट्या भावाला, भानूला, मी एकदा विचारलं की तुला हा वास येतो का, तर त्याने नाक वर करून दोनदा हुंगलं आणि कसला वास म्हणून उलट मलाच विचारलं. तो जन्मभर त्या वासात राहिला आहे. जे रोजचं झालं, त्याची वर्दी मेंदू देत नाही.

मग मेंदू वर्दी देतो तरी कशाची? समोर हजार गोष्टी असताना त्यातली एकच उजळून दिसावी आणि बाकीच्या अंधारात जाव्यात, हे कोण ठरवतं? मी गेली बत्तीस वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे या प्रश्नाचं पुस्तकातलं उत्तर माझ्याजवळ तयार असतं. ते मी फळ्यावर आकृती काढून देऊ शकतो. पण गेल्या हिवाळ्यात तेच उत्तर माझ्या अंगावर चालून आलं, आणि तेव्हापासून ती आकृती काढताना माझा खडू एका जागी थबकतो. का थबकतो ते वर्गात सांगता येत नाही. तुम्हाला सांगतो.

बारावीच्या मुलांना घेऊन मी दरवर्षी रेहेकुरीच्या माळावर काळवीट पाहायला जातो. पिवळ्या गवतात कळप चरत असतो, ऊन कोवळं असतं, आणि एकाएकी एखादी मादी मान वर करते. कान ताठ, डोळे स्थिर, अंगावरचा केस न् केस ऐकत असलेला. तोंडात मात्र अर्धवट तोडलेली काडी तशीच लोंबत असते. मी मुलांना हलक्या आवाजात सांगतो, तिच्या तोंडातल्या त्या काडीकडे बघा. गवत तिच्या दातांत आहे, तरी तिच्या लेखी आता जगात गवत उरलेलं नाही. तिच्या आणि आपल्याही मेंदूच्या देठात एक इवलासा निळसर ठिपका असतो. धोक्याची चाहूल लागली की तिथून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन नावाचं रसायन साऱ्या मेंदूवर शिंपडलं जातं. बदामाएवढी एक गाठ खडबडून जागी होते, आणि जे भयाचं, रागाचं, दुखऱ्या भावनेचं असेल तेवढंच लखलखीत दिसू लागतं. कॉर्टिसॉल मागाहून येतं; उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं येतं आणि तसंच लवकर उठत नाही. या साऱ्या धांदलीत सुखाचं काय होतं? पुस्तकं सांगतात की ताणलेला जीव सुखाच्या खुणेमागे उलट अधिकच वेडा होऊन धावतो. पण ते सुख हाती लागल्यावर चाखायला जी निवांत जीभ लागते, ती त्याच्यापाशी उरत नाही. हवंसं वाटणं वाढतं, गोड लागणं आटतं. हे वाक्य मी दरवर्षी मुलांना लिहून देत आलो. ते आपलंच चरित्र आहे, अशी शंका मला कधी आली नाही.

आमचे वडील, अण्णा, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं जड आणि तुटक झालं. डोळ्यांत मोतीबिंदू आहेच. माणसं त्यांना आठवतात, पण एकमेकांत मिसळतात. कधी मी त्यांचा चुलत भाऊ असतो, कधी पोस्टातला कोणी. ते वस्तीवर भानूपाशी राहतात. हाताने जेवता येत नाही, म्हणून दूध-भाकरीचा मऊ काला करून चमच्याने भरवावा लागतो. भानूने भरवलं तर ते वाटीभर खातात. भानूच्या बायकोने, मंदाने, भरवलं तर अर्धी वाटी. आणि मी चमचा पुढे केला की ओठ मिटतात.

ते मिटणं मी किती वेळा पाहिलं आहे! रागाने मिटलेले ओठ वेगळे असतात. त्यांच्याशी भांडता तरी येतं. हे ओठ नुसते बंद होत. डोळे माझ्या चेहऱ्यावर रोखलेले, मान किंचित मागे, आणि दूध हनुवटीवरून ओघळत माझ्याच हातातल्या फडक्यावर. मी म्हणत असे, अण्णा, तोंड उघडा. मग जरा मोठ्याने म्हणत असे. एवढ्यात भानू गोठ्यातून येई, हात धुऊन पँटला पुसत, माझ्या हातून वाटी घेई आणि खाटेच्या कडेला असा बसे की त्याचं तोंड दाराबाहेर. म्हैस आज नीट खाईना, पाईप कुठेतरी फुटलाय, कुणाच्या उसाला तोड आली, असलं काहीतरी तो स्वतःशी बोलल्यासारखं बोलत राही, आणि न बघता चमचा बाजूला धरी. अण्णांचं तोंड उघडे. घास आत जाई. गळ्याची घाटी वरखाली होई.

त्या घाटीकडे बघताना माझ्या छातीत जे होई, त्याला मी बरेच दिवस काळजी म्हणत होतो.

माणूस आपल्या विकारांना किती सभ्य नावं देतो! काळजी, कर्तव्य, जबाबदारी. मी हा मत्सर होता असं आज लिहितो आहे, तेही सोपं जात नाही. मत्सर, असूया, ईर्षा हे शब्द कसे रेशमी वाटतात, जणू ते राजवाड्यातल्या माणसांना होणारे आजार. आमच्या वस्तीवर याला सरळ पोटात दुखणं म्हणतात, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही तेच नाव अचूक आहे. अ‍ॅड्रिनॅलिन अंगात भिनलं की आतड्यांकडचं रक्त काढून हातापायांकडे धाडलं जातं, लढण्यासाठी नाहीतर पळण्यासाठी. भानूच्या हातून अण्णा घास घेत, आणि माझं पोट खरोखर दुखे. मी कोणाशी लढणार होतो? तेरा म्हशींचं शेण काढून हातांना भेगा पडलेल्या माझ्या धाकट्या भावाशी?

यातली गंमत, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द नाही, ती अशी की लाडका मी होतो. मास्तरकीची ऑर्डर मला आली तेव्हा अण्णा आठ दिवस वस्तीवस्तीवर सांगत फिरले होते. पुढेही घरी कोणी पाहुणा आला की थोरला नगरला कॉलेजात शिकवतो, हे चहाच्या आधी सांगून होई. भानू तेव्हा दुधाची बादली घेऊन त्यांच्यामागून जात असे, आणि पाहुणा भानूकडे पाहत नसे. तीस वर्षं हे चाललं. त्या तीस वर्षांत भानूचं पोट कधी दुखलं असेल का? खरं सांगतो, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता. ज्याच्यावर ऊन पडलेलं असतं त्याला सावलीत कोण उभं आहे ते दिसत नाही. ऊन सरकलं, आणि मग मात्र मला सावलीचा बारीकसारीक तपशील दिसू लागला.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मंदाने फोनवर एक चित्रफीत पाठवली. भानू काहीतरी बोलतो आहे, आणि अण्णा हसताहेत. झटक्यानंतर अण्णा हसलेले मी पाहिले नव्हते. डावीकडचा अर्धा चेहरा उजळतो आणि उजवा तसाच राहतो, असं ते अर्धं हसू. मी स्टाफरूममध्ये बसून ती फीत पुन्हा पुन्हा पाहिली, आणि मला आठवतं ते एवढंच की मी त्यात भानूचा हात पाहत होतो. तो अण्णांच्या गुडघ्यावर ठेवलेला होता. सहज, न विचारता. किती हक्काने ठेवलाय, असं मी मनात म्हणालो. त्याच दुपारी माझ्या मुलीचा, पुण्याहून, संदेश आला होता की तिला हवी होती ती नोकरी मिळाली. तो मी तीन तासांनी वाचला आणि त्याखाली 'छान' असं लिहिलं. तोंडात काडी तशीच लोंबत होती. मला गवत दिसत नव्हतं. वडिलांचं हसू आणि लेकीचा आनंद, दोन्ही माझ्या तळहातावरच्या काचेवर एकाच दुपारी आले, आणि मी एका हाताकडे बघत बसलो.

आता जे सांगायचं आहे तिथे आलो.

भानूच्या लेकीला जालन्याला मुलगा झाला होता, आणि नातू दोन महिन्यांचा झाला तरी भानूने त्याला पाहिलं नव्हतं. भानू-मंदा कधी एकत्र गाव सोडत नाहीत. गोठ्यापाशी एकजण लागतोच. मंदा जाऊन आली होती, भानूची पाळी अडून राहिली होती ती अण्णांमुळे. मी म्हणालो की मी चार दिवस रजा काढून येतो, तू जा. भानूचे डोळे भरून आले. मंदाने माझ्यासाठी पुरणपोळीचा घाट घातला. माझ्या बायकोने नगरला शेजारणीला सांगितलं की यांनी भावासाठी रजा काढली. सगळ्यांनी मला इतकं चांगलं म्हटलं की मीही जवळजवळ फसलो. पण एस.टी.त बसलेल्या भानूला हात करताना माझ्या मनात जे वाक्य होतं ते मला स्वच्छ आठवतं: आता चार दिवस दुसरा कोणाचा हात नाही. मला भावाला नातू दाखवायचा नव्हता. मला स्पर्धक दूर करायचा होता.

मंदाला मी सांगितलं की अण्णांचं सगळं मी बघणार, तू आत येऊ नको, तुला गोठ्याचं काय कमी काम आहे. ती थोडं घुटमळली. मग बरं म्हणाली.

पहिल्या सकाळी मी काला केला. भाकरी भानू करतो त्याहून बारीक कुस्करली, दूध त्याच्याहून कोमट ठेवलं, साखर घातली. चमचा पुढे केला. ओठ मिटले. दुपारी मी गोड आवाजात बोलून पाहिलं, संध्याकाळी जरा दरडावून. त्यांनी पाणी घेतलं, दोन घोट चहा घेतला. दुसऱ्या दिवशीही तेच. खाटेसमोर खुर्ची ओढून मी वाटी मांडीवर धरून बसे आणि त्या ओठांकडे पाहत राही, परीक्षेत एखाद्या मुलाच्या उत्तरपत्रिकेकडे पाहावं तसा. ते माझ्याकडे पाहत. आमच्या दोघांत तो चमचा असे, आणि तो दोघांनाही दिसत नसे. त्यांना फक्त माझा चेहरा दिसत होता. मला फक्त त्यांचा नकार दिसत होता. दोन दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते, हेही मी पाहिलं नाही. बाहेर मंदा म्हशींना पेंड घालता घालता उंबऱ्याशी येऊन थांबे, आणि मी हाताने तिला जा म्हणे.

भानूचा फोन दोन्ही दिवशी आला. अण्णा जेवले का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी सांगितलं, पोटभर जेवले. दोन्ही दिवशी. आवाज न अडखळता.

भुकेल्या वडिलांच्या खाटेशी बसून, बाहेर त्यांना भरवू शकणारी सून उभी असताना, एक शिकलेला मनुष्य खोटं बोलला, कारण दुसऱ्या कोणाच्या हातून ते जेवलेले त्याला पाहवले नसते. अण्णांची भूक मला कळत नव्हती असं नाही. माहीत होती. पण माहीत असणं आणि दिसणं यांत किती अंतर असतं! रसायनांचं नाव सांगून मी त्या अंतराची लांबी मोजू शकतो. ते न ओलांडल्याचा दोष मात्र कुठल्याही रसायनावर ढकलता येत नाही. निळसर ठिपका साऱ्यांनाच असतो. भानूलाही आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंदा थांबली नाही, सरळ आत आली. तिच्या हातात भानूचा रोजचा, धारांच्या वेळी घालायचा सदरा होता, खांद्यावर पिवळा पडलेला. पदर कपाळावर ओढून ती दाराच्या चौकटीकडे बघत बोलली.

"दादा, राग मानू नका. म्हशीला कळतं, धारंला बसलेला मानूस मनातून घाबरलाय का न्हाई. घाबरलेल्याला ती पान्हा सोडत न्हाई. अण्णा तर मानूस हायेत."

घाबरलेला हा शब्द मला लागला. मी स्वतःला दुखावलेला समजत होतो, रागावलेला समजत होतो, घाबरलेला नव्हे. आणि त्या सदऱ्याकडे पाहताना मला चाळीसेक वर्षांपूर्वीची एक सकाळ दिसली. आई माहेरी गेली होती, आणि आमची मोठी मुऱ्हा म्हैस आईखेरीज कोणाला कासेला हात लावू देत नसे. अण्णांनी चुचकारलं, पेंड पुढे ठेवली. म्हशीने पेंडीकडे पाहिलंही नाही. शेपटी झाडली, पाय उचलला, दूध वर चढवून घेतलं. तेव्हा अण्णा घरात गेले आणि आईचं जुनं हिरवं लुगडं धोतरावरून गुंडाळून, पदर डोक्यावर घेऊन बाहेर आले. मिशा तशाच. वस्ती हसत होती. चुलते म्हणाले, वहिनी, आज लवकर उठलात. मी शरमेने कडब्याच्या गंजीमागे लपलो. अण्णांना मात्र कोणी हसतंय याचं भानच नव्हतं. ते म्हशीच्या कुशीला डोकं टेकून, दुसरीकडे कुठेतरी बघत, आईसारखं काहीबाही पुटपुटत बसले. थोड्या वेळाने बादलीत धार वाजू लागली. म्हैस पेंड खात होती.

आज मला त्याचं शास्त्र सांगता येतं. भ्यालेल्या जनावराच्या अंगात अ‍ॅड्रिनॅलिन चढतं आणि पान्हा सोडणारं रसायन कासेपर्यंत पोहोचू शकत नाही. ओळखीचा वास, ओळखीचं लुगडं दिसलं की भय उतरतं. पण शास्त्र सांगून झाल्यावरही त्या सकाळचं एक उरतंच. अण्णांना दूध हवं होतं, ते आपल्याच हाताने, आपल्याच नावाने मिळावं असा त्यांचा हट्ट नव्हता. आपण दुसरं कोणी झाल्याने जनावराची भीती जाणार असेल, तर ते दुसरं कोणी व्हायला तयार होते.

मी सदरा घातला. भानू काटकुळा आहे. माझ्या पोटावर बटणं लागेनात. एक लावायला गेलो तर ते तुटून जमिनीवर गेलं. मंदाने तोंडाला पदर लावला. "उघडाच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "त्यांना कुठं दिसतंय. आन् बोलू नका. तुमचा आवाज लई शाळेतला हाय." मग वाटी माझ्या हातात देऊन ती बाहेर गेली.

सदऱ्याला गोठ्याचा वास होता, सरकी पेंडीचा, दुधाचा, घामाचा. माझ्या भावाचा वास. मी खुर्ची बाजूला सारली आणि खाटेच्या कडेला, दाराबाहेर तोंड करून बसलो. हे सर्वांत कठीण होतं. मला वळून पाहायचं होतं. ओठ उघडतात का, हे पाहिल्याशिवाय चमचा धरणं म्हणजे काय, ते तुम्ही कधी कोणाला भरवलं असेल तर समजेल. बाहेर अंगणात कडुनिंबाखाली एक रेडकू खुंट्याभोवती गोल फिरत होतं. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. हात आडवा धरून ठेवला. किती वेळ, ठाऊक नाही. माझंच हृदय हळूहळू खाली उतरत गेलेलं मला कळलं, कानांतली धडधड विरत गेली, आणि मग चमच्याच्या टोकाशी हलकी ओढ लागली. गळाला मासोळी लागावी तशी. चमचा रिकामा परत आला.

दुसरा घास. तिसरा. पाठीमागे गिळण्याचा आवाज येत होता. मला ती घाटी दिसत नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती दिसायची गरज वाटली नाही. जे हवं म्हणून मी दीड वर्ष तडफडलो ते घडत होतं. ते माझ्या नावावर जमा होत नव्हतं, आणि तरी गोड लागत होतं.

वाटी अर्धी झाली तेव्हा अण्णा बोलले. शब्द तुटत होते, जीभ जड होती, पण कळत होतं.

"भान्या, थोरला येनार व्हता न्हवं?"

मला उत्तर द्यायची सोय नव्हती. मी चमचा भरला.

"त्यो आला का मला परीक्षंला बसल्यावानी व्हतं," ते म्हणाले. घास गिळला. "पन येऊ दे त्याला. आला म्हंजी बरं वाटतं."

रेडकू थांबलं होतं. अण्णा उत्तराची वाट पाहत असावेत, कारण पुढचा चमचा तसाच राहिला, ओढ लागली नाही. तीस वर्षांत मी माझ्या बोलण्यातून गाव नीट खुडून काढलं होतं. वर्गात कोणी मुलगा न्हाई म्हणाला तर मी त्याला नाही म्हणायला लावत असे. माझा आवाज त्यांनी ओळखला तर ओठ पुन्हा मिटले असते. मी दाराबाहेर बघतच, भानूसारखं, तोंडातल्या तोंडात म्हणालो,

"व्हय."

चमच्याला ओढ लागली.

पाचव्या दिवशी भानू आला. पिशवी खाली ठेवण्याआधीच मी त्याला अंगणात गाठून सगळं सांगितलं, अण्णांचे उपाशी दोन दिवस आणि माझे दोन खोटे फोन. त्याने ऐकून घेतलं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो दोरीवर वाळत घातलेला आपला सदरा चाचपून म्हणाला, बटन कुठंय याचं? आणि नातवाचे फोटो दाखवू लागला. अण्णा जे बोलले ते मात्र मी त्याला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? कारण ते भानूला उद्देशून बोललेलं होतं, आणि मी ते त्याचा सदरा घालून ऐकलं होतं. आणि कारण, कबूलच करायचं तर, त्या सुंदर वाक्यानंतरही पोटात पहिली कळ आली ती हीच: म्हणजे असलं सगळं ते भानूशी बोलतात. वडिलांची माया हाती आली तरी माझी नजर आधी तिच्यावरच्या भानूच्या बोटांच्या ठशांकडे गेली. इतक्या सहजासहजी मत्सर उठून जात नाही.

मग त्याच कळेच्या पाठोपाठ दुसरा विचार आला. हे अण्णा भानूशी रोजच बोलत असतील, तर भानूने मला कधीच का सांगितलं नाही? आणि लगेच आठवलं की त्याने सांगितलं होतं. दर शनिवारी सांगत होता. दीड वर्ष, दर शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन येई आणि तो एकच वाक्य बोले: दादा, उद्या येतोस न्हवं, अण्णा इचारत व्हते. मी ते टोमणा म्हणून ऐकत आलो. तू येत नाहीस, मी आहे, असं तो मला सुचवतो आहे, असं समजून मी फोन ठेवल्यावर बायकोशी चिडून बोलत असे. शब्द तेच होते. त्यातला निरोप माझ्या कानांपर्यंत येत होता आणि तिथून पुढे त्याला वाट नव्हती.

अजूनही शनिवारी फोन येतो. माझं वय पाहता मेंदू फार बदलेल असं नाही. भानूचं नाव पडद्यावर उमटलं की अजून नाडी जलद होते, आणि त्याचं वाक्य अजून मला आधी टोमणाच ऐकू येतं. पण आता मी लगेच बोलत नाही. खिडकीबाहेर कशाकडे तरी बघत राहतो. तेवढ्यात ती पहिली लाट ओसरते, आणि मग तेच वाक्य दुसऱ्यांदा, हळू, जसं होतं तसं ऐकू येतं. पलीकडे भानूला वाटतं फोन कट झाला. तो हॅलो हॅलो म्हणू लागतो.

"व्हय," मी म्हणतो, "येतो."